सुई आणि ताट यांतील अंतर : चारचौघांत इन्सुलिन घेणारा मधुमेही आणि आपण

चरकसंहितेच्या सिद्धिस्थानात, फलमात्रासिद्धि अध्यायात, 'सदातुर' म्हणजे नेहमी आजारी राहणाऱ्या लोकांचे वर्णन आले आहे. श्रोत्रिय, राजसेवक, वेश्या आणि व्यापारी हे ते चार वर्ग. त्यांच्या आजारपणाचे मूळ आचार्यांनी एखाद्या आहारद्रव्यात दाखविलेले नाही. या माणसांचा दिवस त्यांच्या हाती नसतो. इतरांच्या मर्जीसाठी, व्रतासाठी किंवा व्यवहारासाठी ती आलेले वेग अडवितात आणि अवेळी जेवतात, हे तेथील कारण आहे. प्रमेहाचा विषय निघाला म्हणजे आपण निदानस्थानाचा चौथा किंवा चिकित्सास्थानाचा सहावा अध्याय उघडतो. सिद्धिस्थानाचे हे पान मधुमेहाच्या संदर्भात सहसा कोणी वाचत नाही. परंतु इन्सुलिन घेणारा आपला रुग्ण लग्नमंडपात, आगगाडीत, कचेरीत किंवा श्राद्धाच्या घरी जातो तेव्हा तो नेमका या सदातुरांच्या पंक्तीत जाऊन बसतो. लोकांनी पाहू नये म्हणून तो सुई घेण्याची वेळ पुढे-मागे करतो आणि जेवणाची वेळ मात्र यजमानाच्या हाती असते.

इन्सुलिनची मात्रा किती असावी, हा या लेखाचा विषय नाही. ती ठरविणे व बदलणे हे रुग्णाच्या मधुमेहतज्ज्ञाचे काम आहे. सुई कोठे, केव्हा व कोणाच्या माहितीत घेतली जाते, हा प्रश्न मात्र आपल्या चिकित्सालयात आणि औषधाच्या दुकानात रोज येतो. पण तो कोणी मोठ्याने विचारीत नाही.

आपल्याकडे कोण येतो

एक गोष्ट मोकळेपणाने मान्य केली पाहिजे. इन्सुलिन चालू असताना वैद्याकडे येणाऱ्यांपैकी काही जण रोगाला कंटाळून आलेले नसतात; ते सुईला कंटाळलेले असतात. चूर्णाची पुडी कोणाच्याही समोर घेता येते, काढ्याचे कौतुकही होते, सुई काढली की मात्र शेजारचा माणूस "एवढं वाढलंय का?" असे विचारतो. "वैद्यराज, हे इंजेक्शन तेवढं सोडवा," या विनंतीच्या मागे पुष्कळदा एवढेच असते. अशा वेळी आपण 'पाहू या' असे मोघम उत्तर दिले, तरी रुग्ण त्याचा अर्थ 'आजपासून बंद' असा घेऊन घरी जातो.

येथे संहितेतील भेद फार उपयोगी पडतो. सुश्रुतांनी प्रमेही दोन सांगितले : सहज आणि अपथ्यनिमित्तज. पहिला कृश, रूक्ष, अल्पाहारी व अति तहानलेला. दुसरा स्थूल व बहुभक्षी. चरकांनी मातापित्यांकडून बीजदोषाने आलेला प्रमेह असाध्य म्हटला. आजच्या टाइप-१ शी सहज प्रमेहाची तंतोतंत बरोबरी करणे शास्त्रीय ठरणार नाही. परंतु कृश शरीर, अल्प वय, अति तृष्णा व वेगाने होणारा बलक्षय हे चित्र वैद्याला सावध करण्यास पुरेसे आहे. अशा रुग्णाच्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटो येथे लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिन दिले गेले. त्यापूर्वी अशी मुले निदानानंतर फार काळ जगत नसत. त्यांचे इन्सुलिन थांबले तर आजही काही दिवसांत, कधी एखाद-दोन दिवसांतच, प्राणावर बेतते. स्थूल प्रमेहीच्या बाबतीत आहार, व्यायाम व औषधाने मात्रा कमी होणे शक्य असते. तो निर्णयही रक्तशर्करेच्या नोंदी पाहून तज्ज्ञानेच घ्यावयाचा असतो. लग्नसराईच्या सोयीने तो घेता येत नाही.

आणखी एक. निशा-आमलकी, विजयसार, गुडमार किंवा मेथी यांचा प्रयोग इन्सुलिनबरोबर चालू केला, तर शर्करा अधिक उतरू शकते. रुग्णाने ही औषधे आपल्या डॉक्टरांपासून लपविलेली असतात, हेही आपल्याला ठाऊक असते. एका घरात सुई लपते आणि दुसऱ्या दवाखान्यात चूर्ण लपते. दोन्हींची नोंद एकाच वहीत हवी.

घड्याळ आणि पंगत

इन्सुलिनचे सर्व प्रकार सारखे नाहीत, आणि लपविण्यामुळे होणारा अपाय कोणता हे प्रकारावर अवलंबून असते. दिवसातून एकदा घ्यावयाच्या दीर्घकाळ टिकणाऱ्या इन्सुलिनचा जेवणाशी थेट संबंध नसतो. ते रात्री घरी घेतले की काम झाले. साधे रेग्युलर इन्सुलिन जेवणापूर्वी सुमारे अर्धा तास घ्यावयाचे असते. आपल्याकडे फार मोठ्या प्रमाणावर वापरले जाणारे ३०:७० मिश्र इन्सुलिनही बहुधा सकाळच्या व रात्रीच्या जेवणापूर्वी तसेच घेतले जाते. नव्या शीघ्र प्रकारांची सुई घेतली की पंधरा मिनिटांच्या आत घास तोंडात गेला पाहिजे. या तिन्हींत सुई आणि ताट यांतील अंतर ठरलेले आहे. ते वाढले की शर्करा उतरते. सुईच टळली तर चढते.

आता एक लग्न पाहू. गोरज मुहूर्त आहे. वधूचे काका साठीचे असून मिश्र इन्सुलिन घेतात. कार्यालयात कोठे सुई घेणार, म्हणून ते निघण्यापूर्वीच घरी घेतात. वरात चौकात नाचत थांबते, मंगलाष्टके लांबतात, मानपान होतात, आणि पंगत बसायला दोन तास लागतात. काकांना घाम फुटतो, हात थरथरतात, बोलणे विसंगत होते. काकांना मधुमेह आहे हे मांडवात कोणालाच ठाऊक नाही. कोणी म्हणते उकाड्याने झाले; कोणी हळूच म्हणते, "मागच्या गाडीत बसले होते ना?" त्यांना खुर्चीवर झोपविले जाते. हा प्रसंग एका कोणत्या व्यक्तीचा नाही. लग्नसराईत रुग्ण पाहणाऱ्या कोणत्याही वैद्याने त्याचे काही ना काही रूप पाहिलेले असते.

अशा वेळी साखर तपासण्याचे साधन हाताशी नसले तरी थांबू नये. रुग्ण शुद्धीवर असेल व गिळू शकत असेल, तर तीन चहाचे चमचे साखर किंवा तितकेच ग्लुकोज पाण्यात घालून द्यावे, पंधरा मिनिटांनी पाहावे, सुधारणा नसल्यास पुन्हा द्यावे, आणि नंतर जेवण द्यावे. पेढा, लाडू, चॉकलेट यांतील स्निग्धांशामुळे साखर सावकाश चढते. ते पहिल्या उपचारासाठी योग्य नाहीत. (पाहुण्याला आधी चिवडा पुढे करण्याची आपली नाशिकची रीत येथे काही कामाची नाही.) शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता कुशीवर वळवून रुग्णालयात न्यावे.

याच लग्नाची दुसरी बाजू अधिक फसवी असते. सुई अजिबात न घेतलेली तरुण मुलगी दुसऱ्या दिवशी ओकाऱ्या व पोटदुखी घेऊन येते. लग्नातील जेवणानंतरची वांती. वैद्याचे मन सहजच अजीर्ण किंवा अम्लपित्ताकडे जाते, आणि सूतशेखर देऊन रुग्णाला घरी पाठविण्याचा मोह होतो. इन्सुलिन घेणाऱ्या रुग्णाला वांती व पोटदुखी असेल, श्वास खोल व जलद चालत असेल, तोंडाला पिकल्या फळासारखा वास येत असेल, तर रक्तशर्करा आणि लघवीतील कीटोन तपासल्याखेरीज त्याला सोडू नये. कीटोन आढळल्यास, किंवा ते तपासण्याची सोय नसल्यासही, तत्काळ रुग्णालयात पाठवावे. सुई चुकली का, हे तिला एकांतात विचारावे. सासरच्या माणसांसमोर ती 'नाही' म्हणेल.

सासरी रोग लपविण्याचा हा प्रकार आपल्या समाजात आजही आहे. लग्न जमविताना सांगावे की नाही, यावर वैद्याचे मत विचारले जाते. प्रस्तुत लेखकाचे मत स्पष्ट आहे : सांगावे, आणि साखरपुड्यापूर्वी सांगावे. दिवसातून तीन-चार वेळा दार लावून घ्यावी लागणारी सुई नव्या घरात महिनाभरही लपत नाही. लपली तर ती केवळ चुकविल्यामुळेच लपते.

श्राद्ध, सोवळे आणि त्र्यंबकेश्वर

आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न एका विशेष रूपात येतो. त्र्यंबकेश्वरी नारायणनागबलीसाठी देशभरातून यजमान येतात. तो विधी तीन दिवसांचा. रामकुंडावर अस्थिविसर्जन व श्राद्धविधी वर्षभर चालतात. पितृपक्षात घरोघरी श्राद्धे असतात, आणि श्राद्धाची वेळ अपराह्णाची. ब्राह्मणभोजन झाल्यावर कर्त्याने जेवावयाचे. कर्ता बहुधा घरातील वडील पुरुष, म्हणजे मधुमेहाच्या वयातलाच. नेहमीच्या सवयीने त्याने सकाळी मिश्र इन्सुलिन घेतले आणि नाश्ता केला नाही, तर पिंडदानाच्या वेळी त्याला भोवळ येणार हे सांगायला ज्योतिषी नको. सोवळ्यात सुई चालत नाही, असे समजून काही जण दुपारपर्यंत सुईच घेत नाहीत.

येथे रुग्णाला दोन माणसांशी आधी बोलावयास लावावे. मधुमेहतज्ज्ञाला आठवडाभर आधी विचारावे, की जेवण दोनला होणार आहे, तर सकाळची मात्रा किती व कोणती घ्यावी. उपवास म्हणून सगळेच इन्सुलिन बंद करणे टाइप-१ मध्ये घातक आहे. बहुतेक वेळा काही मात्रा कमी करून ठेवावी लागते. दुसरे बोलणे गुरुजींशी. आतुराला नियम शिथिल आहेत, हे धर्मशास्त्राला मान्यच आहे, आणि प्रस्तुत लेखकाच्या अनुभवात आधी सांगितले तर गुरुजी सकाळी दूध-फळे घेण्यास किंवा मध्ये उठण्यास हरकत घेत नाहीत. अडचण येते ती ऐनवेळी सांगितले तर. पेनची पिशवी कातड्याची नसावी, कापडी असावी, एवढी काळजी घेतली तर सोवळ्याचा प्रश्न बहुतेक ठिकाणी तेथेच मिटतो.

एकादशी, नवरात्र व चातुर्मासातील नेमांबाबत हाच विचार लावावा. साबुदाण्याची खिचडी हा मधुमेहीचा उपवास होत नाही, हे सांगण्याची संधीही साधून घ्यावी.

जागा कोणती

आता प्रत्यक्ष सुईविषयी. एकेकाळी काचेची सिरिंज उकळून इन्सुलिन घ्यावे लागे. तेव्हा घराबाहेर ते घेणे खरोखरच कठीण होते. १९८५ मध्ये डेन्मार्कमधून पहिले इन्सुलिन पेन बाजारात आले. आजचे पेन खिशातील लेखणीएवढे असते, त्यावरील सुई ४ मिलिमीटरचीही मिळते, आणि सवय झालेल्या माणसाला सगळी क्रिया अर्ध्या-एक मिनिटात उरकता येते. लपविण्यासाठी रुग्ण जेवढा खटाटोप करतो, त्याच्या मानाने ही क्रिया फार लहान आहे. हे त्याला आपल्या समोर एकदा करून दाखवावयास सांगितले की पटते.

बहुतेकांची पहिली धाव शौचालयाकडे असते. कार्यालयाचे किंवा बसस्थानकाचे शौचालय ही इन्सुलिन घेण्यास सर्वांत वाईट जागा. तेथे हात धुण्याची शाश्वती नाही, पेन ठेवावयास कोरडी जागा नाही, उजेड नाही आणि बाहेर कोणी दार वाजवीत असते. या घाईत पेनमधील दोन युनिट उडवून पाहणे राहून जाते, सुई टोचल्यावर दहापर्यंत मोजणे राहते, मिश्र इन्सुलिन हलक्या हाताने फिरवून एकजीव करणे राहते. मात्रा घेतली असे रुग्णाला वाटते. पोटात गेलेली असते निम्मी. त्यापेक्षा पंगतीत किंवा उपाहारगृहात भिंतीकडे पाठ करून बसावे, शेजारी आपले माणूस बसवावे, आणि पान वाढले गेल्यावर मेजाखालीच काम उरकावे. कार्यालयात वधूपक्षाची किंवा वरपक्षाची खोली असते, दाराशी उभे केलेले वाहन असते.

पोटाची जागा सर्वांत सोयीची : नाभीपासून दोन बोटे सोडून दोन्ही बाजूंस. साडी नेसलेल्या स्त्रीला पदराआडून कमरेची बाजू सहज मिळते. सलवार-कुडत्याच्या बाजूच्या चिरेतून तेच होते. पुरुषांनी सदऱ्याची खालची एक गुंडी काढली की पुरते. कपड्यातूनच सुई टोचावी का, असे पुष्कळ जण विचारतात. १९९७ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्यामुळे विशेष अपाय आढळला नव्हता. तरीही ती नित्याची पद्धत करू नये, कारण त्वचा दिसत नाही, लहान सुई पुरेशी खोल जात नाही, आणि गाठ आहे की नाही हे कळत नाही.

या गाठीकडे वैद्यांनी विशेष लक्ष द्यावे. लपून सुई घेणाऱ्याला एकच आडोशाची जागा सापडलेली असते, आणि तो वर्षानुवर्षे तेथेच टोचतो. तेथील मेद जाड होऊन मऊ किंवा रबरासारखी गाठ बनते. गाठीत सुई दुखत नाही, म्हणून रुग्णाला ती आवडते. पण तेथून इन्सुलिन अनियमितपणे शोषले जाते. आज शर्करा ३००, उद्या ६०, आणि आहारात काही फरक नाही, अशी तक्रार आली की आधी पोटाला हात लावून पाहावा. दर्शन, स्पर्शन, प्रश्न ही त्रिविध परीक्षा आपल्याकडे अजून टिकून आहे. वैद्य पोट चाचपतो, यात रुग्णाला काही नवल वाटत नाही. गाठ सापडल्यास ती जागा सोडावयास सांगावे, मात्र त्याच वेळी तज्ज्ञाकडे पाठवावे. निरोगी जागी तीच मात्रा अधिक लागू पडते आणि शर्करा एकाएकी उतरू शकते.

प्रवास, ऊन आणि पायी वाट

पंचवटी एक्स्प्रेसने नाशिकरोडहून रोज मुंबईस ये-जा करणारे मासिक पासधारक पुष्कळ आहेत. परतीची गाडी कसारा घाटात अडकली की रात्रीचे जेवण किती वाजता होईल, हे कोणी सांगू शकत नाही. "घरी पोचायच्या अर्धा तास आधी गाडीत घेतो," असे सांगणारा रुग्ण स्वतःला शिस्तीचा समजतो. पण त्याचे ताट गाडीच्या वेळेवर टांगलेले असते. डबा उघडल्यावर सुई, किंवा घरी पोचल्यावर सुई. घाटाच्या भरवशावर सुई नको. शीघ्र प्रकाराचे इन्सुलिन अशा माणसास अधिक सोयीचे पडेल का, हे त्याने तज्ज्ञास विचारावे. खिशात ग्लुकोज, आणि सहीशिक्क्याच्या चिठ्ठीची प्रत पिशवीत असावी. सुरक्षा तपासणीत सुई सापडली तर ती चिठ्ठी बोलते. विमानात इन्सुलिन हातच्या पिशवीतच न्यावे.

एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा चाळिशीच्या आसपास जातो. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवावे. वापरात असलेले बहुतेक प्रकार ३० अंशांखाली सुमारे चार आठवडे चालतात. डब्यावरील सूचना पाहावी. २०२१ मध्ये जिनिव्हा विद्यापीठ व 'सीमारहित डॉक्टर' या संस्थेने केनियातील निर्वासितांच्या छावणीतील तापमानाचा अभ्यास करून असे दाखविले, की २५ ते ३७ अंशांच्या चढउतारात चार आठवडे इन्सुलिनची शक्ती टिकली. ज्या घरी फ्रिज नाही, तेथे ओल्या वाळूत ठेवलेले मडके पुरते, या आपल्या जुन्या व्यवहारज्ञानाला त्याने बळ मिळते. दुचाकीची डिकी मात्र ३७ अंशांवर थांबत नाही. आणि बर्फाला चिकटून गोठलेले इन्सुलिन उन्हात तापलेल्याइतकेच निरुपयोगी होते; दिसायला ते पुन्हा पूर्ववत दिसते म्हणून अधिक धोक्याचे.

पायी चालणाऱ्यांचा विचार येथेच करावा. निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वराहून पंढरपूरला निघते, चैत्रात सप्तशृंगगडाची वाट माणसांनी भरते, आणि २०२७ मधील पर्वस्नानांच्या सिंहस्थात भाविकांना वाहने दूर ठेवून मैल न् मैल चालावे लागणार हे २००३ व २०१५ च्या सिंहस्थांवरून सांगता येते. प्रमेहीने अनवाणी, छत्रीविना, भिक्षा मागत शंभर योजने चालावे, असे सुश्रुतांनी सांगितले आहे, आणि ते आपण रुग्णांना कौतुकाने सांगतो. परंतु त्याच ठिकाणी कृशाचे मात्र सतत रक्षण करावे, असा इशारा आचार्य लगेच देतात. तो आपण सोडून देतो. इन्सुलिन घेऊन चालणाऱ्याची शर्करा चालताना व रात्री झोपेतही उतरू शकते. निघण्यापूर्वी मात्रेचा विचार व्हावा, मांडीत घेऊन लगेच चालू लागू नये, आणि दिंडीतील एका तरी माणसाला पिशवीत ग्लुकोज कोठे आहे हे माहीत असावे.

हा 'एक माणूस' प्रत्येक ठिकाणी हवा. सगळ्या गावाला सांगण्याची गरज नाही. रोगाची जाहिरात करू इच्छिणारा रुग्ण विरळाच, आणि त्याच्यावर ती लादण्याचा आपल्याला अधिकारही नाही. लग्नात पत्नी, गाडीत शेजारचा पासधारक, कचेरीत एक सहकारी, शाळेत वर्गशिक्षिका. मुलांच्या बाबतीत आता शासकीय आधारही आहे. सीबीएसईने २०१७ मध्ये टाइप-१ मधुमेही परीक्षार्थींना साखरेच्या गोळ्या, फळे व पाण्याची लहान बाटली जवळ ठेवण्यास परवानगी दिली. २०२३ मध्ये राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने अशा मुलांना वर्गात शर्करा तपासण्याची, इन्सुलिन घेण्याची व खाण्याची मुभा द्यावी, असे राज्यांना कळविले. पालक चिठ्ठी मागावयास आले तर त्यांना हे सांगावे. मुलाला मात्र वासिम अक्रमची गोष्ट अधिक पटते : १९९७ मध्ये निदान झाले, इन्सुलिन घेत खेळला, आणि २००३ च्या विश्वचषकात एकदिवसीय सामन्यांतील ५०० वा बळी घेतला.

दुकानदारांसाठी

लाज पुष्कळदा औषधाच्या दुकानातच सुरू होते. इन्सुलिन मागितले की वर्तमानपत्रात गुंडाळून काळ्या पिशवीत द्यावयाचे, किंवा उलट चार गिऱ्हाइकांपुढे "सुया कितीच्या? पोटात घेता ना?" असे ओरडून विचारावयाचे, या दोन्ही सवयी सोडाव्यात. सूचना सांगावयाच्या असतील तर ग्राहकाला बाजूला घेऊन दोन मिनिटे बोलावे.

सर्वांत मोठा धोका सिरिंजचा आहे. आपल्याकडील पुष्कळशा बाटल्या यू-४० असतात, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट; त्यांची सिरिंज लाल टोपणाची. पेनमधील काडतुसे यू-१०० ची. यू-१०० सिरिंजचे टोपण नारिंगी. बाहेरगावी पेन बिघडले म्हणून कोणी काडतुसातील इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजने काढले, तर तीच खूण अडीचपट मात्रा देते : वीस समजून घेतलेली सुई पन्नास युनिटची होते. प्रवासी ग्राहक नुसती 'इन्सुलिनची सिरिंज' मागतो तेव्हा बाटली की पेन, हे विचारल्याशिवाय ती देऊ नये. उन्हाळ्यात सोबत बर्फाची पिशवी देताना मध्ये जाड कापड किंवा पुठ्ठा घालावा.

शेवटी वापरलेल्या सुया. लपून सुई घेणारा माणूस ती लपूनच टाकतो : कार्यालयाच्या पत्रावळीत, गाडीच्या खिडकीबाहेर, मंदिरामागील निर्माल्यात. २०१६ च्या घनकचरा नियमांनी घरातील वापरलेल्या सुया घरगुती घातक कचऱ्यात धरल्या होत्या. त्या ओल्या-सुक्या कचऱ्यात मिसळू नयेत हा त्यामागील हेतू. जाड प्लॅस्टिकची, झाकणाची बाटली घरी ठेवावी, एक लहान डबी प्रवासात. भरल्यावर झाकण चिकटपट्टीने बंद करून वर 'सुया' असे मराठीत लिहावे. ज्या दुकानाचा जवळच्या रुग्णालयाशी संबंध आहे, त्याने अशा भरलेल्या बाटल्या परत घेऊन तेथील जैववैद्यकीय कचऱ्यात पाठविण्याची व्यवस्था बोलून पाहावी. ते जमेपर्यंत ग्राहकाने बाटली घंटागाडीवरील कामगाराच्या हाती वेगळी द्यावी आणि आत काय आहे ते तोंडाने सांगावे.